मावशींच्या आधारची झेरॉक्स सोसायटीला कशाला हवी?

सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं आहे: "आमच्याकडे 112 फ्लॅट आहेत. गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवणारं ॲप बसवायचं ठरतंय. त्यासाठी सगळे सभासद, भाडेकरू, कामाच्या मावशी आणि ड्रायव्हर यांचे फोटो, मोबाइल नंबर आणि आधारच्या झेरॉक्स गोळा करतोय. एका निवृत्त सभासदांनी लेखी हरकत घेतली आहे. बाकीचे म्हणतात, लपवण्यासारखं काही नसेल तर द्यायला काय हरकत आहे? सरकारला आणि गूगलला सगळं माहीत असतंच. नक्की कोणाचं बरोबर?"

हरकत घेणाऱ्या सभासदांचं बरोबर आहे. मी तेवीस वर्षं माहिती सुरक्षेचं काम करतोय. सुरुवातीची वर्षं पतसंस्था आणि सहकारी बँकांत गेली, नंतर दवाखाने, क्लासेस, आणि गेली काही वर्षं सोसायट्याही बोलवायला लागल्या आहेत. सगळीकडे एकच गोष्ट दिसते. माहिती गोळा करायला लोक उत्साहाने पुढे येतात, ती सांभाळायची कोणी हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. तुमच्या पत्रातही "गोळा करतोय" आहे. ते कुठे ठेवणार, किती दिवस, किल्ली कोणाकडे, भाडेकरू सोडून गेला की त्याच्या कागदांचं काय, यातलं एक अक्षर नाही. तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही. बहुतेक सेक्रेटरी विनामोबदला, ऑफिस सांभाळून हे काम करतात, हे मी पाहतो. पण नेमकं म्हणूनच, जे सांभाळता येणार नाही ते मुळात घेऊ नये, असं मी प्रत्येक कमिटीला सांगतो.

आधी ते "लपवण्यासारखं काय आहे" घेऊ. मी शनिवार पेठेतल्या वाड्यात वाढलो. कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाच्या मुलाचं लग्न मोडलं, कोणाचा हप्ता थकलाय, सगळ्या वाड्याला माहीत असायचं. पण ती माहिती दोन्ही बाजूंनी होती. समोरच्या बिऱ्हाडाला माझं जेवढं माहीत, तेवढंच मला त्यांचं. आणि ती माणसांच्या डोक्यात होती. पेन ड्राइव्हवर घालून कोणी ती वाड्याबाहेर नेऊ शकत नव्हतं. तुमच्या गेटवरची माहिती एका बाजूने जाते. मावशींचा पत्ता कमिटीकडे, पण ॲपच्या कंपनीत ती माहिती कोण उघडतं हे ना मावशींना ठाऊक, ना कमिटीला.

नुकसान कसं होतं, ते मी पाहिलेल्या तीन ठिकाणांवरून सांगतो. कर्वेनगरच्या एका इमारतीत भाड्याने राहणाऱ्या मुलीला रात्री-बेरात्री अनोळखी नंबरवरून मेसेज यायला लागले. महिनाभराने उलगडा झाला की नंबर गेटवरच्या वहीतून गेला होता. वही उघडीच असायची. येणारा प्रत्येक जण आपलं नाव लिहिताना वरच्या वीस ओळी वाचू शकत होता. त्या मुलीने नंबर बदलला, आणि दोन महिन्यांत घरही. दुसऱ्या ठिकाणी कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारं यंत्र, कंपनीतून आलेल्या मूळ पासवर्डवरच चालू होता, शिवाय इंटरनेटला जोडलेला. लिफ्टमधलं, पार्किंगमधलं, मुलं खेळतात त्या जागेतलं चित्र जगात कोणालाही बघता आलं असतं. कमिटीला मी ते माझ्या घरून उघडून दाखवलं तेव्हा चेअरमनबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या सोसायटीचा मॅनेजर नोकरी सोडून गेला होता. त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर दोनशे कुटुंबांची कागदपत्रं राहिली होती. त्याने गैरवापर केला असं मी म्हणत नाही. पण मागायला गेल्यावर, ती कधी आणि कोणाकोणाला व्हॉट्सॲपवरून पाठवली, हे त्यालाही सांगता आलं नाही.

तुमच्यापैकी ज्यांनी नवीन फ्लॅट बुक केला असेल त्यांना आणखी एक अनुभव आला असेल. ताबा मिळायच्या आधीच मॉड्युलर किचनवाले, इंटिरियरवाले, पडदेवाले यांचे फोन सुरू होतात, आणि फोन करणाऱ्याला विंग आणि फ्लॅट नंबरही माहीत असतो. ती यादी कुठून तरी, कोणाच्या तरी हातून गेलेली असते. किचनवाल्याचा फोन आपण कापतो आणि विसरतो. पण तीच यादी फसवणूक करणाऱ्याच्या हातात पडली की गोष्ट वेगळी होते. "डिजिटल अरेस्ट" म्हणून जे चाललं आहे, त्यात समोरचा पोलिसाच्या वेशात व्हिडिओ कॉल करतो आणि तुमचं पूर्ण नाव, पत्ता, आधारचे आकडे वाचून दाखवतो. तिथेच माणूस गडबडतो. ज्याला एवढं माहीत आहे तो खराच पोलीस असणार, असं वाटतं. कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा काही प्रकारच नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांनीही "मन की बात"मध्ये हे सांगितलं. तरीही लोक फसतात, त्यातही एकटे राहणारे ज्येष्ठ नागरिक जास्त, कारण समोरच्याकडे त्यांची खरी माहिती असते. असा फोन कोणाला आला आणि पैसे गेले, तर त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. हा नंबर नोटीस बोर्डावर लावा.

गूगल आणि सरकारचं म्हणाल, तर तो युक्तिवाद मला मान्य नाही. मोठ्यांकडे माहिती आहे हे खरं, आणि त्याबद्दल भांडायलाच हवं. 2021 मध्ये व्हॉट्सॲपने धोरण बदलून लोकांवर लादलं. त्यासाठी भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर 2024 मध्ये व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा हिला 213 कोटींचा दंड केला. दुकानदाराने बिलासाठी मोबाइल नंबरचा आग्रह धरू नये, असं ग्राहक व्यवहार विभागाने मे 2023 मध्ये सांगितलं; तरी लक्ष्मी रोडवर आजही काउंटरवर पहिला प्रश्न नंबरचाच असतो. पण माझ्या अनुभवात सामान्य माणसाला थेट चटका बसतो तो जवळच्या माणसांकडून, जवळच्या वहीतून. गूगलच्या सर्व्हरला तुमच्या मावशी सात वाजता एकट्या घरी जातात याच्याशी देणंघेणं नसतं. गेटवर उभ्या असलेल्या एखाद्याला असू शकतं.

2005 साली आपल्या पुण्यातच याचं मोठं उदाहरण घडलं. एका बीपीओतल्या काही कर्मचाऱ्यांनी अमेरिकन बँकेच्या ग्राहकांकडून बोलता बोलता पिन काढून घेतले आणि त्यांच्या खात्यांतून सुमारे साडेतीन लाख डॉलर वळवले. तिथे कोणी यंत्रणा फोडली नव्हती. कामासाठी ज्यांच्या हातात माहिती दिली, त्यांनीच ती वापरली. आणि जिथे यंत्रणा फोडली गेली तेही आपण पाहिलं: ऑगस्ट 2018 मध्ये कॉसमॉस बँकेवर झालेल्या सायबर हल्ल्यात 94 कोटींहून अधिक रक्कम गेली, 28 देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. शंभर वर्षांहून जुन्या, माणसं आणि यंत्रणा बाळगणाऱ्या बँकेची ही गत, तर केबिनमधल्या एका संगणकावर, सगळ्यांना माहीत असलेल्या पासवर्डमागे ठेवलेल्या 112 कुटुंबांच्या कागदांचा तुम्ही काय भरवसा देणार?

आता आधारची झेरॉक्स. ही सवय मोडावी म्हणून मी सर्वांत जास्त बोलतो. झेरॉक्सने काहीही सिद्ध होत नाही. फोटो बदलून, नाव बदलून छापलेला कागद आणि खरा कागद झेरॉक्समध्ये सारखेच दिसतात. कार्डावरच्या क्यूआर कोडमध्ये मात्र आधार देणाऱ्या प्राधिकरणाची (यूआयडीएआय) डिजिटल सही असते. त्यांचंच स्कॅनर ॲप फोनवर घेतलं की कोड खरा आहे का, आणि त्यातला फोटो समोरच्या माणसाचा आहे का, हे अर्ध्या मिनिटात कळतं. बघितलं, वहीत "ओळख पाहिली, तारीख अमुक, पाहणाऱ्याची सही" एवढं लिहिलं, काम झालं. कागद ठेवायची गरज संपली. कोणाला प्रत द्यायचीच असेल तर मास्क्ड आधार द्यावा. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात. तो प्राधिकरणाच्या वेबसाइटवरून फुकट उतरवता येतो. आणि पॅन, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र यांतलं काहीही चालायला हवं. 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधार कायद्याच्या कलम 57 मधला खासगी संस्थांना आधार मागायची मुभा देणारा भाग रद्द केला. त्यामुळे "आधारच आणा, दुसरं काही चालणार नाही" असं फर्मान सोसायटीला काढता येत नाही.

भाडेकरूंच्या बाबतीत तुम्ही त्याहून मोठी जोखीम घेताय. लिव्ह अँड लायसन्सच्या नोंदणीकृत कराराची पूर्ण प्रत तुम्ही मागता ना? त्या करारावर दोन्ही पक्षांचे फोटो आणि अंगठ्याचे ठसे छापलेले असतात. त्याच फाइलमध्ये तुम्ही आधारची प्रत टाचणीने लावता. काही राज्यांत नोंदणी खात्याच्या दस्तांवरून ठसे उचलून सिलिकॉनचे अंगठे बनवले गेले आणि आधार क्रमांक आणि ठशावर खात्यातले पैसे काढून देणाऱ्या केंद्रांतून लोकांची खाती रिकामी केली गेली, अशी प्रकरणं पोलिसांनी उघडकीला आणली आहेत. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि ठसा, एवढंच लागतं. मेंटेनन्सचा चेक भाडेकरू देत असेल तर बँकेचं नावही तुमच्याच फाइलमध्ये असतं. म्हणून घरच्यांना सांगा, आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. वेबसाइटवरून किंवा ॲपवरून ते दोन मिनिटांचं काम आहे, हवं तेव्हा तात्पुरतं उघडताही येतं.

करार नोंदवण्याची आणि पोलिसांना भाडेकरूची माहिती देण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. सोसायटीने त्या दोन्ही गोष्टी झाल्याची पावती डोळ्यांनी बघावी, कराराची सुरुवात आणि शेवट या तारखा लिहून घ्याव्यात. भाडं किती, डिपॉझिट किती, साक्षीदार कोण, हे जाणून सोसायटीला काय करायचंय? नॉन-ऑक्युपन्सी चार्जसाठी, म्हणजे मालक स्वतः राहत नसलेल्या फ्लॅटवरच्या जादा आकारासाठी, लागतं असं काही सेक्रेटरी सांगतात. तो चार्ज भाड्यावर ठरतच नाही. 2001 च्या शासन आदेशाप्रमाणे तो सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त दहा टक्के असतो, मग भाडं दहा हजार असो नाहीतर साठ हजार.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते मावशींचं प्रकरण. सभासद निदान सभेत उठून बोलू शकतो, तुमच्या निवृत्त सभासदांसारखं पत्र देऊ शकतो. जनता वसाहतीतून किंवा दांडेकर पुलाकडून चार घरची कामं करायला येणाऱ्या बाईला "फोटो काढू द्या, नाहीतर गेटवरून आत सोडणार नाही" असं सांगितलं, तर ती काय म्हणणार? ती देते. त्याला संमती म्हणणं मला पटत नाही. अशा बऱ्याच ॲपमध्ये कोणती बाई किती वाजता आली, किती वाजता गेली, कोणाकोणाच्या घरी जाते, हे सगळ्या रहिवाशांना दिसतं. काहींत तिला तारेही देता येतात. तिला मात्र स्वतःबद्दल काय लिहिलंय ते बघता येत नाही, चुकीचं असेल तर खोडता येत नाही. एका ताईंना दुसऱ्या विंगमधलं काम मिळेना. कारण विचारलं तर ॲपवर कोणीतरी "अनियमित" असा शेरा मारला होता. त्या महिन्यात त्यांचे यजमान ससूनला ॲडमिट होते. हे त्यांनी मला सांगितलं, कारण मी विचारलं. कमिटीत कोणी विचारलं नव्हतं.

माझं स्पष्ट मत आहे की मावशींसाठी एक साधं ओळखपत्र द्यावं, त्यावर फोटो आणि नाव, मागे सोसायटीचा शिक्का. ते त्यांच्याकडे राहील. वेळांची नोंद, तारे, शेरे हे सगळं बंद ठेवायला ॲपवाल्यांना सांगा. ते "सिस्टिममध्ये आहे, बंद होत नाही" म्हणाले तर दुसरी कंपनी बघा.

कायद्याबद्दल कमिटीला थोडक्यात सांगा. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल एकमताने दिला. त्यानंतर 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 पासून लागू होतील. घरगुती कामासाठी माणसाने स्वतःजवळ ठेवलेल्या माहितीला यात सूट आहे. नोंदणीकृत सोसायटीला ती मिळेल असं मी धरून चालणार नाही. कागदाची वही या कायद्यात येत नाही, पण तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकला किंवा ॲपमध्ये भरला की येते. आणि मुख्य म्हणजे, ॲपची कंपनी तुमच्या वतीने काम करते. तिच्याकडून माहिती फुटली तरी उत्तर देण्याची जबाबदारी तुमच्यावरच राहते, करारात काहीही लिहिलेलं असो. सुरक्षेत हयगय झाल्यास दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी आहे. एखाद्या सोसायटीला एवढा दंड कोणी करणार नाही, पण विषय किती गांभीर्याने घेतलाय ते त्यावरून दिसतं. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते, म्हणून मुलांचे फोटो आणि क्लासच्या वेळा ॲपमध्ये आत्ताच टाकू नका.

याच कायद्याने माहिती अधिकार कायद्यातलं कलम 8(1)(j) बदललं, आणि सरकारी कामाशी संबंधित माणसांची माहिती "वैयक्तिक" म्हणून नाकारणं सोपं झालं. मला तो बदल चुकीचा वाटतो. कारभार करणाऱ्यांचे कागद उघडे असावेत आणि घरात राहणाऱ्यांचे झाकलेले, हा क्रम उलटा होऊ नये. सोसायटीतही तसंच आहे: हिशेब, कोटेशनं, इतिवृत्त सभासदाला बघायला मिळालंच पाहिजे, सहकार कायद्यात त्यासाठीच तरतूद आहे, सभासदाचा मोबाइल नंबर मात्र नोटीस बोर्डावर लावायची गोष्ट नाही.

ॲप घ्यायचंच असेल तर मी विरोध करणार नाही. शंभरावर फ्लॅट असले की दिवसभर डिलिव्हरीवाल्यांची रांग असते आणि वॉचमन काकांची दमछाक होते, हे मी पाहतोच. पण कंपनीच्या माणसाला सभेत बोलवा आणि सगळ्यांसमोर विचारा: पाहुण्यांच्या नोंदी किती दिवस ठेवता? तीस दिवसांत आपोआप पुसल्या जातील असं करारात लिहून द्याल का? आमच्या सभासदांना जाहिराती, कर्ज, विमा यांचे मेसेज पाठवणार का? करार संपल्यावर सगळी माहिती खोडल्याचं लेखी पत्र द्याल का? ज्याला ॲप नको त्याच्यासाठी इंटरकॉम चालू राहील का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं तर पुढे जाऊ नका. तुमच्या इमारतीत साधा फोन वापरणारे आजी-आजोबा नक्की असतील. त्यांच्या पाहुण्यांना गेटवर ताटकळत ठेवायचं का?

माहिती घेऊच नका, असं मात्र मी म्हणत नाही. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि तुमच्याच रस्त्यावर एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, तेव्हा कोणत्या मजल्यावर कोण आजारी आहे, कोणाला उचलून आणावं लागेल, कोणाची मुलं परदेशात आहेत, हे माहीत असणं फार मोलाचं होतं. तशी यादी तुमच्याकडे आहे का? बहुतेक सोसायट्यांकडे नसते. आधारच्या झेरॉक्स फाइल भरून असतात, पण तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या मुलाचा नंबर कोणाकडे नसतो. ती यादी घरोघरी जाऊन, कशासाठी ते सांगून, ज्यांना द्यायची त्यांच्याकडूनच घ्या. कागदावर लिहा, पाकिटात बंद करा, चेअरमन आणि सेक्रेटरी यांच्याकडे एकेक ठेवा, दर दिवाळीला नवी करून जुनी फाडा.

राहिल्या आजवर जमलेल्या झेरॉक्स. त्या रद्दीत घालू नका. एखाद्या रविवारी कमिटीतले दोघे-तिघे बसा, त्या निवृत्त सभासदांनाही बोलवा, आणि श्रेडर नसेल तर कोणाकडून तरी मागून आणा. भाडेकरू सोडून गेलेत त्यांचे कागद पहिले. किती कागद नष्ट केले त्याची नोंद इतिवृत्तात करा. मावशींच्या झेरॉक्स मात्र बाजूला काढा आणि ज्यांच्या त्यांच्या हातात परत द्या, कारण त्यातल्या बऱ्याच जणींनी त्या स्वतःच्या पैशांनी काढून आणलेल्या असतात. देताना विचारा, मास्क्ड आधार कसा काढायचा ते दाखवू का. पाच मिनिटं लागतात, आणि मी आजवर ज्यांना ज्यांना दाखवलं त्यांनी दुसऱ्या दिवशी आपल्या शेजारणीलाही आणलं.